रांगेचं शेपूट कुठे आहे? रस्त्याच्या कामाजवळचे अपघात गाड्यांच्या नोंदींवरून टाळण्याची कृती

देवासहून इंदूरकडे येणारा भरलेला ट्रक ताशी ६० किलोमीटरने चालला आहे. पुढे उड्डाणपुलाच्या कामासाठी रस्ता अरुंद केलेला आहे. ‘पुढे काम चालू आहे’ हा फलक कामाच्या ५०० मीटर आधी, अगदी आराखड्यात दाखवला तिथेच उभा आहे. पण संध्याकाळी सातला गाड्यांची रांग त्या फलकाच्याही मागे दीड किलोमीटरपर्यंत आलेली असते. चालकाला आधी दिसते ती थांबलेल्या ट्रकची मागची फळी, आणि फलक दिसतो त्यानंतर, रांगेत उभं राहिल्यावर.

कामाजवळचे बरेच वाईट अपघात अशाच मागून आदळण्यातून होतात. म्हणून धोक्याची जागा म्हणजे रांगेचं शेपूट, आणि ते दिवसभर मागे-पुढे सरकतं. याच इंदूर-देवास रस्त्यावर अर्जुन बडोदा गावाजवळ उड्डाणपुलाचं काम चालू असताना जून २०२५ मध्ये लागलेली कित्येक किलोमीटरची रांग देशभर गाजली. ते टोकाचं उदाहरण झालं. अर्धा-एक किलोमीटरची रांग मात्र बायपासवर कुठलंही काम निघालं की लागते, आणि तिची बातमीही होत नाही.

शेपूट नेमकं कुठे आणि किती वाजता असतं हे कळायला अपघातांची नोंदवही उपयोगी पडत नाही. राष्ट्रीय महामार्गावर ‘ब्लॅक स्पॉट’ ठरायला सुमारे ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू व्हावे लागतात. पुलाचं काम दीड-दोन वर्षांत संपतं. म्हणजे व्याख्येत बसेपर्यंत काम उरकलेलं असतं आणि माणसं गेलेली असतात. ई-डीएआर ही सरकारी अपघात-नोंद प्रणाली चांगली आहे, पण तिच्यातही अपघात झाल्यावरच नोंद पडते.

त्याआधीची खूण म्हणजे जोरात दाबलेला ब्रेक. अमेरिकेत इंडियाना राज्यात पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ च्या उन्हाळ्यातल्या महामार्ग-कामांच्या नोंदी तपासल्या. जिथे जोरदार ब्रेक जास्त, तिथे अपघातही जास्त, असं दिसलं: कामाच्या आसपास सुमारे १४७ जोरदार ब्रेकांमागे दर मैलाला एक अपघात. हा आकडा जसाच्या तसा इथे लावू नका. तिथल्या गाड्या वेगळ्या, नोंदी देणाऱ्या गाड्यांचं प्रमाण वेगळं. घ्यायचं ते एवढंच, की ब्रेकांच्या नोंदी आठवड्याभरात जे सांगतात त्यासाठी अपघातांची वाट बघायची गरज नाही.

पहिलं पाऊल: कामाची रोजनिशी

गाड्यांच्या नोंदी मागण्याआधी कामाची नोंद हवी. बहुतेक प्रयत्न इथेच फसतात. महिन्याभराचे जीपीएसचे आकडे हातात येतात, पण १२ तारखेला रस्त्याची कोणती पट्टी (लेन) बंद होती हे कोणालाच आठवत नाही.

एक साधी वही पुरते. रोज लिहायचं: काम कोणत्या चेनेजपासून (रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेलं अंतर) कोणत्या चेनेजपर्यंत, कोणत्या बाजूची कोणती पट्टी बंद, किती वाजता बंद केली, किती वाजता उघडली, डंपर कुठून आत-बाहेर करतात, फलक कुठे होते, मजूर रस्त्यालगत होते का. पट्टी दुपारी अडीचला बंद झाली असेल तर ‘दुपारी’ लिहू नका, २.३० लिहा. अमेरिकेच्या परिवहन विभागाने अशा नोंदींसाठी ‘वर्क झोन डेटा एक्सचेंज’ नावाचा सामायिक साचा केला आहे. त्यातही सुरुवात, शेवट, पट्ट्यांची स्थिति, वेगमर्यादा, मजूर हजर आहेत का, हीच माहिती असते.

मग रस्त्याचं माप. कामाच्या ५ किलोमीटर आधीपासून १ किलोमीटर पुढेपर्यंत दर १०० मीटरला अक्षांश-रेखांशाचा एक बिंदू घ्या. उपग्रह-नकाशावर घरी बसून हे दोन तासांत होतं, फक्त पाच-सहा बिंदू प्रत्यक्ष किलोमीटर-दगडांशी ताडून बघा. येण्याची आणि जाण्याची बाजू वेगळी मोजा. या साठेक बिंदूंच्या यादीवरच पुढचं सगळं उभं राहतं.

दुसरं: नोंदी कोणाकडून मिळवायच्या

इंदुरात यासाठी नवं यंत्र बसवावं लागत नाही. देवास नाका आणि लोहामंडीतल्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गाड्या, पीथमपूरच्या कारखान्यांच्या कामगार-बसगाड्या, रात्री पुण्याकडे निघणाऱ्या खासगी बसगाड्या, शाळांच्या बसगाड्या, यांतल्या बऱ्याच गाड्यांत जीपीएस आधीच आहे. सार्वजनिक प्रवासी वाहनांना एआयएस-१४० मानकाचं यंत्र लागतं. ते गाडी चालू असताना ५ सेकंदांच्या अंतरानेही स्थान पाठवू शकतं, आणि जोरदार ब्रेकसाठी त्यात ‘एचबी’ नावाचा वेगळा संदेश असतो.

गाडीमालकांकडे जाताना एका पानाचं पत्र न्या. त्यात चार गोष्टी स्पष्ट लिहा: फक्त कामाच्या आसपासच्या ६ किलोमीटरमधल्याच नोंदी हव्यात, गाडीचा नंबर काढून त्याजागी नुसता अनुक्रमांक टाकला जाईल, कोणत्याही चालकावर यावरून कारवाई होणार नाही, आणि काम संपल्यावर तीन महिन्यांत नोंदी पुसल्या जातील. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही खासगी माहिती जपण्याकडेच आहे, पण कायदा नसता तरी हे केलं पाहिजे. चालकाला एकदा कळलं की ब्रेक दाबला म्हणून पगारातून कापतात, की दुसऱ्या दिवशी यंत्राची वायर निघते. ‘बॅटरी तोडली’ असा संदेश येतो आणि त्या गाडीच्या नोंदी संपतात. शिवाय ज्याने वेळेवर ब्रेक दाबून टक्कर टाळली, तोच दोषी ठरतो. हे अन्यायाचं आहे.

किती गाड्या लागतात? समजा ४० गाड्या रोज एकदा जातात आणि एकदा येतात. एका बाजूला रोज ४० फेऱ्या, १४ दिवसांत ५६०. दिवसाच्या प्रत्येक तासाला सरासरी २३ फेऱ्या पडतात. तासागणिक चित्र काढायला हे पुरेसं आहे, पंधरा-पंधरा मिनिटांचं चित्र काढायला नाही. त्यासाठी दीडशेच्या वर गाड्या लागतील. ४० वर सुरुवात करा आणि तासावरच थांबा.

यंत्र किती सेकंदांनी स्थान पाठवतं, हे पहिल्याच दिवशी विचारा. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते. ५ सेकंदांनी बिंदू आला तर दोन बिंदूंत ८३ मीटर अंतर, १० सेकंदांनी १६७, ३० सेकंदांनी ५००. डेटाचा खर्च वाचवायला बरेच जण ३० किंवा ६० सेकंद ठेवतात. अशा नोंदींतून शेपूट सापडणार नाही. यंत्राच्या पुरवठादाराला सांगून त्या ६ किलोमीटरच्या घेऱ्यापुरतं (नकाशावर आखलेल्या हद्दीपुरतं) ५ सेकंद करून घ्या. बहुतेक यंत्रांत हे दुरून बदलता येतं.

तिसरं: आकडे धुऊन घेणं

निम्मा वेळ इथे जातो आणि तो जाऊ द्यावा. समजा देवासहून येणाऱ्या एका बसची नोंद अशी आहे: तारीख १८०६२०२५, वेळ १३३५२०, वेग ५४, दिशा २१५, उपग्रह ११, स्थिति ‘एल’.

वेळ १३.३५ म्हणजे दुपारचे एक पस्तीस नव्हेत. यंत्र जागतिक प्रमाणवेळ पाठवतं. साडेपाच तास मिळवले की संध्याकाळचे ७ वाजून ५ मिनिटं होतात. हे विसरलं की संध्याकाळची रांग दुपारी दिसते आणि माणसं भलत्या वेळी उन्हात उभी राहतात. काही पुरवठादार आधीच भारतीय वेळ करून देतात, मग तुम्ही पुन्हा साडेपाच तास मिळवता. दोन पुरवठादारांच्या नोंदी एकत्र करण्याआधी दोघांच्या एकेका गाडीची एखादी माहीत असलेली वेळ, उदाहरणार्थ टोलनाका ओलांडल्याची, ताडून बघा.

‘एल’ म्हणजे नोंद त्याच वेळी आली. ‘एच’ असेल तर ती यंत्रात साठून राहिली होती आणि नेटवर्क आल्यावर एकदम आली. हजार ट्रक एका जागी थांबले की मोबाइलचं नेटवर्कही दमतं, त्यामुळे नेमक्या रांगेतल्या नोंदीच ‘एच’ म्हणून येतात. त्या टाकून देऊ नका, त्याच सगळ्यात मोलाच्या आहेत. फक्त क्रम लावताना सर्व्हरवर पोचल्याची वेळ धरू नका, यंत्रातली वेळ धरा.

दिशा २१५ अंश म्हणजे गाडी नैऋत्येला, इंदूरकडे. परतीची ३५ च्या आसपास असेल. दोन बाजू वेगळ्या करायला अक्षांश-रेखांशापेक्षा ही दिशा जास्त भरवशाची. मुख्य रस्ता आणि सर्व्हिस रोड मात्र दिशेवरून वेगळे होत नाहीत, आणि दोघांतलं अंतर जीपीएसच्या चुकीएवढंच असतं. त्यासाठी गाडी डायव्हर्जनच्या तोंडातून गेली का ते बघावं लागतं. नव्या पुलाच्या गर्डरखाली बिंदू इकडेतिकडे उड्या मारतात. उपग्रह ६ पेक्षा कमी असतील ती नोंद सोडून द्या.

आता ब्रेक. पर्ड्यूच्या अभ्यासात मर्यादा होती सेकंदाला २.६७ मीटर प्रति सेकंद, म्हणजे दर सेकंदाला वेग ताशी साडेनऊ किलोमीटरने उतरला तर तो जोरदार ब्रेक. ही मर्यादा मोटारींसाठी ठीक आहे. भरलेला ट्रक सहसा तितक्या जोरात थांबवला जात नाही, म्हणून ट्रकसाठी २ पासून सुरुवात करा आणि मोटार, बस, ट्रक यांच्या नोंदी कधीही एकाच ढिगात घालू नका.

वेगाच्या दोन नोंदींवरून ब्रेक मोजायचा मोह होतो, पण तो फसवतो. गाडी ४ सेकंदांत ६० वरून २० वर आली तर घट २.७८, म्हणजे चांगलाच जोरदार ब्रेक. पण बिंदू १० सेकंदांनी येत असतील तर तोच ब्रेक १.१ दिसतो, सिग्नलला सावकाश थांबल्यासारखा. म्हणून यंत्रातल्या हालचाल-मापकाचा ‘एचबी’ संदेशच घ्यावा, आणि वेगाच्या नोंदी फक्त पडताळणीला.

पडताळणी हवीच, कारण खड्डासुद्धा ‘एचबी’ पाठवतो. यंत्र डॅशबोर्डखाली स्क्रूने घट्ट न बसवता वायरवर लोंबकळत असेल तर रम्बल पट्टीवरून जाताना दर वेळी जोरदार ब्रेकची नोंद होते. नियम सोपा: ‘एचबी’ च्या आधी ५ आणि नंतर १० सेकंदांत वेग ताशी किमान १५ किलोमीटरने उतरला असेल तरच तो ब्रेक, नाहीतर हादरा. हादऱ्यांची यादी मात्र जपून ठेवा, डायव्हर्जनवरचे खड्डे त्यातूनच सापडतात.

चौथं: चित्र काढणं

प्रत्येक नोंद जवळच्या १०० मीटरच्या बिंदूला जोडा. एक्सेलमध्ये जमतं, क्यूजीआयएस हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर येत असेल तर जास्त सोपं. मग आडवे १०० मीटरचे घर, उभे दिवसाचे २४ तास, असा तक्ता करा. प्रत्येक घरात तीन आकडे: किती फेऱ्या, मधला वेग (सगळे वेग चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा), आणि दर १०० फेऱ्यांमागे किती जोरदार ब्रेक. नुसती ब्रेकांची संख्या लिहू नका. संध्याकाळी गाड्याच जास्त असतात, त्यामुळे ब्रेकही जास्त दिसणारच.

शेपूट वेगावरून सापडतं. कामाच्या मागून पुढे येताना संध्याकाळी सातच्या ओळीत वेग असे दिसले, ५८, ५५, ५६, २२, ९, ७, तर ५६ आणि २२ यांच्या मधे शेपूट आहे. शंभर मीटरमध्ये ३४ किलोमीटरची घसरण. त्याच घरात ब्रेकांचा आकडा फुगलेला असेल. मधला वेग घेतल्यामुळे हे सरासरी चित्र आहे. वाईट दिवशी शेपूट आणखी मागे असतं, म्हणून त्या तासातल्या सगळ्यात मागच्या शेपटाचीही खूण करून ठेवा. सगळ्या तासांची शेपटं एका रेषेने जोडली की रांग सकाळी कधी वाढते, दुपारी कधी ओसरते, हे पाहणाऱ्याला एका नजरेत कळतं. ही एक रेषा ठेकेदाराच्या, पोलिसांच्या आणि ट्रान्सपोर्टवाल्यांच्या बैठकीत दहा पानांच्या अहवालापेक्षा जास्त काम करते.

सगळेच ब्रेक रांगेचे नसतात. रोज त्याच घरात, फक्त दिवसा, कामाच्या मधोमध ब्रेक दिसत असतील तर तिथे डंपर आत-बाहेर करतात. फक्त रात्री, पट्टी बंद होते तिथेच ब्रेक असतील तर ट्रॅफिक कोन (शंकू) आणि फलकांचे परावर्तक धुळीने आंधळे झालेले आहेत. घाटातल्या लांब उतारावर हा तक्ता जपून वाचा: तिथे ट्रक रांग नसतानाही ब्रेकवरच उतरतात, आणि खरा धोका तापलेला ब्रेक न लागण्याचा असतो. तो ‘एचबी’ मध्ये दिसतच नाही. आणखी एक दृश्य फसवं असतं. ब्रेक शून्य, पण मजुरांच्या शेजारच्या घरात वेग ६५. तक्ता शांत दिसतो, मजुराच्या अंगाला वारा लागतो आहे.

पाचवं: त्या जागी जाऊन बघणं, आणि मग बदल

तक्त्याने दाखवलेल्या तासालाच, त्याच दिशेने, त्याच पट्टीतून दोनदा गाडीने जा. शेजारी बसलेल्या माणसाने फलक वाचता येऊ लागला ती जागा टिपायची. डावीकडच्या ट्रकमागे फलक पूर्ण झाकला जातो, हे तिथेच कळतं. उपाय म्हणजे तोच फलक दुभाजकावरही लावणं.

थांबायला किती जागा लागते ते आधी कागदावर काढा. चालकाला कळून पाय ब्रेकवर जायला अडीच सेकंद आणि वेगात दर सेकंदाला ३.४ मीटर प्रति सेकंद घट धरली तर ताशी ६० ला सुमारे ८३ मीटर, ८० ला सुमारे १२८ मीटर. हे कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकच्या गाडीचं. भरलेला ट्रक आणि जुलैचा पाऊस धरून इशारा शेपटाच्या ४०० ते ५०० मीटर मागे हवा, असं आमचं मत. रांग दीड किलोमीटर असेल तर इशारा कामाच्या जवळजवळ दोन किलोमीटर आधी आला. आराखड्यातला ५०० मीटरवरचा फलक काढायचा नाही, हा त्याच्या जोडीला.

इंडियानात रांगेच्या मागे इशारा देणारे ट्रक उभे केल्यावर जोरदार ब्रेक सुमारे ८० टक्क्यांनी घटले. इथे पिवळा फिरता दिवा आणि मोठा बाण लावलेली पिकअप गाडीही चालेल. ती डाव्या कडेला, पट्टीच्या पूर्ण बाहेर उभी करायची. माणूस गाडीत बसवायचा नाही, क्रॅश बॅरिअरच्या पलीकडे उभा करायचा. रांग वाढली म्हणून ती गाडी महामार्गावर मागे मागे रिव्हर्स घेऊ लागली तर तीच नवा धोका ठरते. दुभाजकातल्या पुढच्या कटवरून फिरून यायचं, किंवा दोन गाड्या दोन ठरलेल्या जागी ठेवायच्या.

गाडी परवडत नसेल तर १, २ आणि ३ किलोमीटरवर घडीचे फलक लावा, ‘पुढे वाहने थांबलेली आहेत’ या अर्थाचे. शेपटाची रेषा सांगेल त्या तासाला त्यातला योग्य तो उघडायचा, रांग ओसरली की बंद करायचा. बंद करणं उघडण्याइतकंच महत्त्वाचं आहे. चोवीस तास भीती दाखवणाऱ्या फलकाकडे चौथ्या दिवशी कोणी बघत नाही. मजकूर हिंदीत, दोन-तीन शब्दांत, लांबून वाचता येईल असा.

बाकीचे बदल झटपट होणारे आहेत. परावर्तक रोज सूर्यास्ताआधी ओल्या फडक्याने पुसायचे. डंपर आत-बाहेर करतात ते तोंड शेपटाच्या तासांत बंद ठेवायचं. जीपीएस असलेल्या गाड्यांत कामाच्या दोन किलोमीटर आधी यंत्राचा बझर वाजेल असा घेरा टाकायचा, चालकाला व्हॉट्सअॅपवर संदेश पाठवायचे नाहीत. पट्टी बंद करण्याच्या रचनेसाठी भारतीय रोड काँग्रेसची आयआरसी:एसपी:५५ ही मार्गदर्शिका पाळायची, आणि कोणताही फलक प्रकल्पाच्या अभियंत्याच्या लेखी परवानगीशिवाय आणि वाहतूक पोलिसांना कळवल्याशिवाय हलवायचा नाही.

सहावं: फरक पडला का

बदलाच्या आधीचे १४ दिवस आणि नंतरचे १४ दिवस, तेच वार, तेच तास. अनंत चतुर्दशीची झांक्यांची (चित्ररथांची) रात्र, रंगपंचमीची गेर (मिरवणूक), लागून आलेल्या सुट्ट्या, हे दिवस दोन्ही बाजूंनी वगळा. पहिला मोठा पाऊस मध्ये आला असेल तर तुलना नव्याने सुरू करा.

छोट्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. ४ ब्रेकांचे २ झाले, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. अंदाजासाठी आकड्याच्या वर्गमुळाची दुप्पट घ्या: २५ ब्रेक असतील तर १० चा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. २५ चे ९ झाले, तर काहीतरी घडलं आहे. आणखी एक तपासा. ब्रेक घटले, पण ते ७०० मीटर मागे जाऊन तर बसले नाहीत ना? इशारा एखाद्या वळणावर किंवा ढाब्यासमोर लावला की असं होतं. दोन्ही घरांची बेरीज घटली पाहिजे.

२०२८ च्या उज्जैनच्या सिंहस्थाआधी या भागातल्या रस्त्यांवर कामं वाढणारच आहेत, आणि प्रत्येक काम पुढे सरकत जाणार. काम ३०० मीटर पुढे गेलं की त्याच रात्री चेनेज, घेरा आणि बझरची जागा बदला. नाहीतर बझर मोकळ्या रस्त्यावर वाजतो आणि खऱ्या रांगेआधी गप्प राहतो. पट्टी उघडली त्याच संध्याकाळी जुने फलक उतरवून डंपरमध्ये टाका, रोजनिशीत तशी वेळ लिहा, आणि घेऱ्यातलं ५ सेकंदांचं अंतर पुन्हा मूळच्यावर आणायला पुरवठादाराला फोन करा.